सातनूरचा नाका आणि नागपूरचं बिल

२०२० च्या ऑक्टोबरातला तो निकाल वर्तमानपत्रांत छापून यायच्या आधीच नागपुरातल्या खासगी रुग्णालयांच्या बिलिंगच्या खोल्यांत पोचला होता. मी तेव्हा अशाच एका रुग्णालयात समाजसेविका होते. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नाहीत, त्यांच्या फायली जिच्या टेबलावर येतात ती बाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं की, कोरोना नसलेल्या रुग्णांसाठी खासगी रुग्णालयांचे दर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला नाही. नागपूरच्या रुग्णालयांच्या संघटनेनंच ही याचिका केली होती. मे महिन्यापासून भिंतीवर दरांचा तक्ता चिकटवलेला होता: साधा कक्ष ४,००० रुपये रोज, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. हा तक्ता कोरोनाच्या रुग्णांपुरता तसाच राहिला. बाकीच्यांसाठी दर पुन्हा मोकळे झाले. त्या संध्याकाळी माझ्यासमोर लोधीखेड्याकडचा एक तरुण शेतकरी बसला होता. मी त्याला हे सगळं सोप्या भाषेत समजावून सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंग ताई, माह्या बापाले कोरोना हाय असं लिवून देता येते का?” बापाला पक्षाघात झाला होता.

त्या याचिकेत सरकारनं ज्या कायद्यांचा आधार घेतला होता, त्यांत १८९७ चा साथरोग कायदा होता. चापेकर बंधू आणि रँड यांची गोष्ट मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. गणेशखिंडीतला २२ जून १८९७ चा तो रँडच्या वधाचा प्रसंग शाळेतच पाठ होतो. त्या प्रसंगामागचा कायदा मात्र फारसा कुणी वाचलेला नसतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत तो घाईनं संमत झाला. इतका छोटा की एका पानात मावावा. सरकारला साथ आवरायला जे योग्य वाटेल ते करता येईल, आणि चांगल्या हेतूनं केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, एवढंच त्याचं सार. तेवढ्यावर पुण्यात गोरे सोजीर लोकांच्या स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरले, बायामाणसांच्या काखा-जांघा तपासल्या गेल्या, घरची माणसं छावण्यांत नेली गेली. एकशे तेवीस वर्षांनी तोच कायदा नागपूरच्या न्यायालयात उभा राहिला, तेव्हा त्याच्यावर काम होतं एका आकड्याचं: पक्षाघाताच्या रुग्णाच्या खाटेचं रोजचं भाडं. पुण्यात घराघरांची दारं उघडणाऱ्या त्या कायद्याला हे एक बिल उघडता आलं नाही.

इथे न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. साथीच्या कायद्यात साथ नसलेल्या रुग्णाच्या बिलाबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं, आणि जो अधिकार विधिमंडळानं दिलेला नाही तो न्यायाधीश कुठून आणणार? माझा राग आहे तो या अधिकाराच्या वाटणीवर. माणसाच्या अंगाला हात लावताना सरकारनं दहादा थांबायला हवं आणि त्याच्या बिलाला हात घालताना मुळीच कचरू नये, असं मला मनापासून वाटतं. मी टेबलाच्या या बाजूनं जे पाहिलं, ते बहुतेक वेळा याच्या उलट होतं.

दर बांधायला सरकार कधी धजलंच नाही, असंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत केंद्रानं बांधली. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६००. त्याआधी यातल्या दुसऱ्या प्रकाराला लाख-सव्वा लाख मोजणारी माणसं मी पाहिली होती. तो हुकूम आला त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर खरोखर आनंद होता. परिचारिका नातेवाइकांना स्वतःहून सांगत होत्या, “आता परवडेल हो.” मग पुढच्या काही महिन्यांतली बिलं माझ्या टेबलावर येऊ लागली. स्टेंटची ओळ लहान झाली होती. तिच्या खाली कॅथलॅबची ओळ, बलूनची ओळ, ‘कन्झ्युमेबल्स’ची ओळ, डॉक्टरांच्या फीची ओळ अशा सगळ्या थोड्या थोड्या सुजल्या होत्या. बेरीज करून पाहिली तर कमी भरत होती, पण लोकांनी मनात धरली होती तितकी नाही. सरकारनं बिलातली एक ओळ धरली होती. उरलेल्या ओळी कुणाच्या, याचं उत्तर कुठल्याच हुकुमात नव्हतं.

आता मध्य प्रदेशातल्या सौंसरकडे येते, कारण माझं माहेर तिथलं आणि माझ्या टेबलावरच्या निम्म्या फायली त्याच रस्त्यानं यायच्या. सौंसर, मोहगाव, बोरगाव, पांढुर्णा इथल्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो भोपाळकडे बघत नाही. भोपाळ दूर आहे. सीमेवरचा सातनूरचा नाका ओलांडला की केळवद, सावनेर, आणि पुढे नागपूर. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या तिथल्या सरकारी रुग्णालयांची नावं आमच्याकडे गावातल्या शाळेसारखी घेतली जातात. त्यात परकेपण नव्हतंच. नागपूरचं वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झालं, तेव्हा नागपूर हीच मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी होती आणि सौंसर त्याच प्रांतात होतं. म्हणजे ‘मेडिकल’ आमच्यासाठीही बांधलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. सीमा आखणाऱ्यांनी भाषा, महसूल, रेल्वे, सगळं मोजलं असेल. आजारी माणूस कोणत्या दिशेला धावतो, हे मात्र त्यांच्या कुठल्याही नकाशावर दिसत नाही.

याची परिणती २०२३ मध्ये फार टोचली. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमाभागातल्या गावांना लागू करायचं ठरवलं. बेळगावकडच्या मराठी माणसाला महाराष्ट्राच्या पैशानं उपचार मिळणार होते. कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी कडक आक्षेप घेतला, दोन्ही विधिमंडळांत आवाज चढले, वर्तमानपत्रांनी पानं भरली. बेळगावच्या बांधवांसाठी मला आनंदच वाटला. पण त्याच आठवड्यात पांढुर्ण्याची एक आजी माझ्यापुढे बसली होती. अस्सल वऱ्हाडी बोलणारी, नातवाला पोटाशी धरलेली. तिनं विचारलं, “आमचं गाव त्या यादीत हाय का?” नव्हतं. आमच्या भागासाठी कधी दोन राज्यांचं भांडणच झालं नाही, म्हणून यादीही झाली नाही. जिथे कुणी भांडलं नाही, तिथल्या आजीला कार्ड मिळालं नाही.

आमच्याकडच्या लोकांना आधार आहे तो आयुष्मान कार्डाचा. २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि योजनेत असलेल्या देशातल्या कुठल्याही रुग्णालयात ते चालतं, अगदी मध्य प्रदेशचं कार्ड नागपुरातही. ही योजना मला मनापासून आवडते. तिच्यामुळे वाचलेली माणसं मी मोजू शकणार नाही. पण काउंटरच्या मागे काय चालतं ते सांगते. ज्ञानेश्वर नावाचे एक काका आले. हे नाव खरं नाही, पण भानगड खरी आहे. मध्य प्रदेशात त्यांचं कार्ड बनवणाऱ्यानं हिंदी उच्चारानं रोमन लिपीत ‘ग्यानेश्वर’ लिहिलं होतं. नागपूरच्या गिरणीत काम करताना काढलेल्या आधारवर तेच नाव मराठी पद्धतीनं ‘ड्न्यानेश्वर’ असं होतं. संगणकाला हे दोन वेगळे इसम वाटले. सरपंचाचं पत्र आलं, पटवाऱ्याचा शिक्का आला. भोपाळला फोन, मुंबईला फोन. काकांच्या बोटांचे ठसे उमटेनात, कारण आयुष्य संत्र्याच्या पेट्या आणि कुदळ-फावडं उचलण्यात गेलेलं. शेवटी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटली आणि कार्ड चाललं. काका मोतीबिंदूसाठी आले होते. एक डोळा दिसेनासा झाला होता. ओळख पटली ती दुसऱ्या डोळ्यावरून.

आता ज्या ठिकाणी सरकारचा हात भलताच लांब गेला, ते सांगायला हवं. नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं एक विधेयक संमत केलं होतं. तीन मुलं झाल्यावर नवऱ्याची किंवा बायकोची नसबंदी सक्तीची. न केल्यास तुरुंग. देशात असा कायदा करण्याइतकं पुढे दुसरं कुठलंही राज्य गेलं नव्हतं. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि ती संमती मिळालीच नाही. तोवर आणीबाणीतल्या शिबिरांनी उत्तरेत असा संताप उसळवला होता की दिल्लीलाही त्यावर सही करणं झेपलं नसावं. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि प्रश्न मिटला. महाराष्ट्र आजही पुरोगामी म्हणून मिरवतो, तेव्हा एका सहीनं आपण काय होता होता वाचलो, हे आठवलं की मला धडकी भरते.

सीमेच्या आमच्या बाजूलाही तेव्हा मास्तर, पटवारी, ग्रामसेवक यांना ‘केस’ आणायचं लक्ष्य होतं. घरच्या थोरल्या माणसांकडून मी ऐकलंय की ज्या मास्तरांना माणूस मिळत नसे, ते आपल्याच नात्यातल्या म्हाताऱ्यांना विनवत. लोकांनी याचा सूड मतपेटीत घेतला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बिहार, उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, कुठेच काँग्रेसला जागा उरली नाही. मध्य प्रदेशातल्या चाळीस जागांपैकी काँग्रेसनं फक्त एक जिंकली, तीही थोड्याशा मतांनी. ती जागा छिंदवाड्याची. सौंसर आणि पांढुर्णा त्याच मतदारसंघात आहेत.

नसबंदीची सक्ती गेली. पण सरकारनं मग दुसरं दार शोधलं, नोकरीचं. मध्य प्रदेशात २६ जानेवारी २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सरकारी नोकरी धोक्यात. महाराष्ट्रानं २००५ मध्ये लहान कुटुंबाचे असेच नियम केले. सीमेवरच्या एकाच घरातले दोन भाऊ, एक सौंसरला शिक्षक, दुसरा नरखेडला, आपापल्या पोरांच्या जन्मतारखा दोन वेगवेगळ्या नियमांत बसवत राहिले, हे मी पाहिलंय. कुणी जन्मदाखला उशिरा काढतो, कुणी मूल भावाच्या नावावर दाखवतो. कागदावर सगळं सुरळीत दिसतं. २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या शेवटी छिंदवाडा जिल्ह्यातल्या जंगलात गावकऱ्यांना रडण्याचा आवाज आला. काही दिवसांचं अर्भक दगडाखाली ठेवलेलं होतं, अंगावर मुंग्या चावल्याच्या खुणा. आईबाप सापडले. बाप सरकारी शाळेत शिक्षक, हे चौथं मूल, आणि नोकरी जाईल ही भीती. त्या बापाला माफी नाही. पण ज्या नियमामुळे एका मास्तराला पगार आणि लेकरू यांच्यात निवड करावीशी वाटते, तो नियम जसाच्या तसा ठेवून फक्त बापाला पकडणं मला अपुरं वाटतं. ते बाळ रात्रभर उघड्यावर राहून जिवंत होतं.

कोरोनाची लस घेताना सक्तीचा प्रश्न पुन्हा आला. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही. स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात आहे. तोवर खेड्यांतलं बहुतेक लसीकरण झालेलंही होतं. माझी एक नात्यातली बाई आशा कार्यकर्ती आहे. तिच्या वस्तीतल्या बाया लस म्हटलं की वावरात निघून जायच्या. वरून दबाव होता, पण तिनं कुणालाही धमकावलं नाही. ती त्यांच्याबरोबर कापूस वेचायला गेली आणि दुपारी भाकरी खाताना स्वतःचा दंड दाखवला. आठवडाभरात बहुतेक जणी आल्या. जी शेवटपर्यंत आली नाही, ती तिची सासू.

पांढुर्ण्याची गोटमार देशभर दाखवली जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या मध्यावर पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. प्रेमी जोडप्याची दंतकथाही सगळ्यांना माहीत. टीव्हीवर दिसत नाही तो भाग नदीच्या अलीकडे असतो. आदल्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिबंधक आदेश निघतो: दगड गोळा करू नयेत, गोफण आणू नये. त्याच कार्यालयातून त्याच दिवशी दुसरा कागद निघतो: इतक्या रुग्णवाहिका, इतके डॉक्टर, इतकी वैद्यकीय शिबिरं नदीकाठी. दोन्ही आदेशांखाली तोच शिक्का. पहिला आदेश कुणी पाळत नाही आणि दुसऱ्यावाचून कुणाचं चालत नाही. शिबिरात काम केलेला एक कंपाउंडर मला म्हणाला होता की टाके घालायला सुरुवात करताना तो आधी विचारायचा, “परत जाणार का?” हो म्हणाला तर पट्टी जरा घट्ट.

प्रशासनानं प्रयत्न केले नाहीत, असं कुणी म्हणू नये. एका वर्षी दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले गेले. पोरांनी ते घरी नेले, क्रिकेट खेळले, आणि नदीवर दगडच चालले. सक्तीनं बंदी घालायचा प्रयत्न झाला तेव्हा दोन्ही काठांचे दगड एका दिशेला वळले, प्रशासनाच्या. वर्षानुवर्षांचं वैर असलेल्या दोन गावांची एवढी एकी मी दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी पाहिली नाही. माझं मत लपवत नाही: या खेळात माणसं मेली आहेत, डोळे गेले आहेत आणि हे थांबायला हवं. पण ते आतूनच थांबेल. पांढुर्ण्यातले शहाणेसुरते लोक घराघरांत बोलू लागतील तेव्हा. आदेशानं तो दिवस येणार नाही. तोवर त्या शिबिरांची तयारी हेच सरकारचं सगळ्यात खरं काम आहे, आणि ते काम करणाऱ्या डॉक्टरांना मी मनापासून नमस्कार करते. ज्याचं डोकं फुटलं आहे, त्याला नागपूरला पाठवतात. त्याच दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघालेली असते, शहरातली रोगराई हाकलून लावायला. पांढुर्ण्याची रुग्णवाहिका मिरवणुकीच्या गर्दीतून वाट काढत येते.

जामसावळी तर सौंसरला लागूनच. तिथला निजलेला मारुती चमत्कारी मानला जातो. अंगात आलेली, भ्रमिष्ट झालेली माणसं तिथे आणतात. नाभीतून येणारं तीर्थ देतात, काही जण दिवसचे दिवस तिथेच राहतात. नागपुरात आम्हाला याची ओळख एका कागदावरून होते. त्याला सगळे ‘डामा’ म्हणतात: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो, जबाबदारी आमची, खाली सही किंवा अंगठा. नव्या डॉक्टरांना हा कागद अपमान वाटतो. मलाही सुरुवातीला वाटायचा. पण मोठ्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे आणि तो हक्क काढून घेतला तर आपण रँडच्या सोजिरांच्या रांगेत जाऊन बसतो. सरकारची रेघ कुठे असावी, ते २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माझ्या मते बरोबर सांगितलं आहे. देवाकडे जा, पण मनोरुग्णाला साखळीनं बांधता येणार नाही. त्या कलमामागे तामिळनाडूतलं एरवाडी आहे, जिथे २००१ साली आग लागली तेव्हा बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. आमच्याकडून एक विशीतला मुलगा असाच डामा घेऊन जामसावळीला गेला. डॉक्टर निराश झाले. मी त्याच्या आईच्या पिशवीत गुपचूप महिन्याच्या गोळ्या ठेवल्या. काही आठवड्यांनी तो शांत, नीट बोलणारा असा परत आला. घरचे सगळे मारुतीचा महिमा सांगत होते. आई मागे राहिली आणि हळूच म्हणाली, “ताई, गोळी तीर्थात कालवून देत होती मी. दोघांचंबी राहिलं.”

एवढं सगळं सांगितल्यावर जे सांगायला हात जड होतो, ते सांगते. २०२५ च्या सप्टेंबरात छिंदवाड्याच्या परासिया भागातली लहान मुलं नागपुरात येऊ लागली. साधा सर्दी-खोकला-ताप, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडं निकामी. कारण कळत नव्हतं. कुणी पाण्यावर संशय घेतला, कुणी तापाच्या साथीवर. मूत्रपिंडाचा तुकडा तपासला गेला तेव्हा विषाकडे बोट गेलं, आणि मग सगळ्या घरांतून एकच बाटली निघाली: कोल्ड्रिफ. सुरुवातीला मध्य प्रदेशात तपासलेल्या नमुन्यांत काही सापडलं नाही असं सांगण्यात आलं. तामिळनाडूच्या तपासनिसांनी कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन कंपनीच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल शोधून काढलं. चालतं ते ०.१ टक्का. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशानं त्यावर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांत पांढुर्णा जिल्ह्यातलंही एक होतं.

या प्रकरणात आईबापांनी काय चुकीचं ठरवलं? काहीच नाही. त्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला, दुकानावर ठेवला, बाटलीवरच्या शिक्क्यावर ठेवला. औषधाच्या कारखान्यात शिरून पिंप उघडणं हे कुठल्याही बापाच्या हातात नाही. तिथे फक्त सरकार जाऊ शकतं. तिथे सरकारच्या अधिकाराला मर्यादा नव्हतीच. कोल्ड्रिफसारख्या मिश्रणाचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हे बाटलीवर छापा, असा केंद्राचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघालेला होता. तो आदेश त्या बाटलीपर्यंत पोचला नाही.

पैशाची बाजू तर अंगावर काटा आणणारी होती. रिक्षा विकणारे, सोनं गहाण ठेवणारे, गावातल्या सावकाराकडे चिठ्ठी लिहून आलेले बाप नागपूरच्या रुग्णालयांच्या पायऱ्यांवर बसलेले होते. मग बातमी देशभर झाली. मध्य प्रदेश सरकारनं उपचारांचा खर्च उचलायचं जाहीर केलं. मुख्यमंत्री स्वतः नागपूरला येऊन गेले आणि मध्य प्रदेशचे अधिकारी व डॉक्टर नागपुरात ठेवले गेले, रुग्णालयांशी बोलायला. मी तेव्हा नोकरी सोडलेली होती, पण जुन्या सहकाऱ्यांचे फोन चालू होते. त्यांतली एक जण म्हणाली, “अगं, जे कार्ड जुळायला आपले दिवसचे दिवस जायचे, ते आता समोर बसून तासाभरात होतंय. भोपाळचा माणूस इथेच खुर्चीवर आहे ना.”

ते ऐकून मी बराच वेळ फोन धरून बसले. म्हणजे हे होऊ शकत होतं. कुठल्या नव्या कायद्याची, कुठल्या न्यायालयाच्या परवानगीची गरज नव्हती. नाक्याच्या पलीकडच्या माणसाचा कागद बघायला नागपुरात एक माणूस आणि एक खुर्ची एवढंच लागत होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर त्याच्यात गेलं. नवं जिल्हाधिकारी कार्यालय, नव्या पाट्या, नवे विभाग आले. माझी मागणी त्या जिल्ह्याच्या आणि भोपाळच्या कार्यालयांकडे आहे: नागपुरात, मेडिकलच्या जवळ, पांढुर्णा-सौंसरच्या रुग्णांसाठी एक कायमचा अधिकारी बसवा. आयुष्मानची नावं जुळवायला, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांसाठी हिंदीतला उत्पन्नाचा दाखला समजावून द्यायला, अनामत भरल्याशिवाय तातडीच्या रुग्णाला आत घ्यायला लावायला, बिलाची प्रत मागायला. रात्रीसुद्धा. कारण सातनूरच्या नाक्यावरून रुग्णवाहिका बहुतेक वेळा रात्रीच जाते, आणि आत बसलेल्या बापाच्या खिशात फक्त कार्ड असतं आणि गावातून जमवलेल्या नोटा.